घाटवाटा आणि माणसे



घाट मोटारीतून नुसता दिसतो. कळतो तो पायांना. सुरगाण्याहून बोरगाव, हतगडमार्गे सापुताऱ्याकडे सायकलवर निघा. चढण लागली की उतरावे लागते, आणि सायकल हाती धरून चालताना डोंगराची ठेवण उलगडू लागते. इकडच्या केमच्या डोंगरावरून पूर्वेला उतरणारे पाणी गिरणेतून तापीला मिळते. पश्चिमेचे नार-पार नद्यांवाटे अरबी समुद्राकडे धावते. पावसाळ्यात चिंब होणारा हा मुलूख उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी का वणवणतो, ते या उतारावर उभे राहिले म्हणजे समजते.

पाण्यासारखी माणसेही इथून बाहेर जातात. भात निघाले की कित्येक कुटुंबे द्राक्षमळ्यांत मजुरीला निघतात. ६ मार्च २०१८ रोजी वनजमिनीच्या हक्कासाठी नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, त्यात सुरगाण्याचे पुष्कळ आदिवासी होते. कसारा घाट पायी उतरून ते १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानात पोचले. कित्येकांच्या तळपायांची सालटी निघाली होती.

आपणही घाट हिंडतो, पण हौसेने. म्हणून तरुणांना माझे सांगणे एवढेच, की सायकल बाजूला टेकवून वाटेवरच्या माणसाला ‘कुठे निघालात?’ असे विचारा. त्याचे उत्तर ऐकल्यावाचून घाट पाहिला असे म्हणू नये.