मैदान आमचंही आहे

वर्षापूर्वी आम्ही वस्तीतल्या अकराजणींनी कबड्डीचा संघ काढला. खेळ येत होता, मैदान मिळेना. संध्याकाळी तिथे मुलांचं क्रिकेट, आणि आम्हाला पाणी, स्वयंपाक. म्हणून पहाटे साडेपाचची वेळ धरली. पँट घातली म्हणून कुजबुज झाली. दोघींना घरून बंदी आली. आम्ही सगळ्या त्यांच्या सासवांना भेटलो. एक परत आली, दुसरीसाठी अजून जातो.

आशियाई स्पर्धांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, स्त्रियांची २०१० साली. तिथे वीस वर्षं लागली, तर वस्तीत सहज कसं मिळेल?

आम्ही अर्ज करून तीन संध्याकाळ मागितल्या, दोन मिळाल्या. तिसरीसाठी पुन्हा अर्ज करतोय. जाताना सही करून जा.