रक्तातील पहारेकरी
(हर्सूल येथील वार्षिक स्नेहमेळाव्यातील भाषण)



या व्यासपीठावरून शिक्षणाविषयी व हुंड्याविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. आज आम्ही रक्ताविषयी बोलणार आहोत. कुळाच्या रक्ताविषयी नव्हे. ते आपण सारेच पुरेसे बोलतो. तपासणीसाठी काचेच्या नळीत जाते, त्या रक्ताविषयी.

निमित्त असे घडले. आमच्या परिचयातील एका घरी मुलीचे लग्न ठरले होते. अंगावर खाज उठते म्हणून तिचे रक्त तपासले, तो पांढऱ्या पेशी १३,२०० निघाल्या. आकड्यापुढे ठळक खूण होती. ती कोणी पाहिली, कोणी कोणास सांगितली, देव जाणे. आठवड्याच्या आत 'मुलीस रक्ताचा कर्करोग आहे' ही वार्ता वरपक्षाच्या कानी गेली आणि साखरपुडा थांबला.

प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरात साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. परंतु हा आकडा म्हणजे केवळ शिरगणती होय. फौजेत घोडदळ किती, पायदळ किती, हे त्यावरून कळत नाही. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल व बेसोफिल अशा पाच जाती असून प्रत्येकीचे काम निराळे. जंतुसंसर्गात बहुधा न्यूट्रोफिल वाढतात. जंत किंवा वावडे असेल तर इओसिनोफिल. धावपळ, गर्भारपण, स्टेरॉइडची औषधे यांनीही एकूण संख्या चढते. उलट विषमज्वरात आणि डेंग्यूत ती पुष्कळदा उतरते. म्हणून ताप आला की दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून घेणारे आमचे बांधव अंधारात तीर मारीत असतात.

या पेशी शत्रूस गिळतात, हे एली मेचनिकॉफ यांनी १८८२ साली इटलीत ताऱ्याच्या आकाराच्या समुद्रजीवाच्या पारदर्शक पिलांत गुलाबाचे काटे टोचून पाहिले. त्यांचेच शिष्य वाल्डेमार हाफकिन मुंबईत प्लेगवरील लस सिद्ध करण्यास आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्या काळी लशीस भिऊन घरे सोडून पळणारी माणसे आमच्याच पणजोबांच्या पिढीतील होती. लस पेशींची संख्या वाढवीत नाही. विशिष्ट शत्रूची ओळख त्यांना पटवून देते. तेव्हा 'प्रतिकारशक्ती वाढविणारी' म्हणून विकली जाणारी महागडी चूर्णे घेऊन आकडा चढण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. चढलेला आकडा हे बळाचे लक्षण नव्हे.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. कर्करोगाच्या उपचारांत न्यूट्रोफिल फार कमी होतात. अशा रुग्णास ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे घाटी रुग्णालय हर्सूलहून दूर नाही. तसेच रक्ताच्या कर्करोगाची शंका असली तरी केवळ संख्येवरून निदान होत नाही. काचपट्टीवरील पेशी तज्ज्ञाने पाहाव्या लागतात, प्रसंगी अस्थिमज्जाही तपासावी लागते.

त्या मुलीच्या अहवालाची दुसरी ओळ कोणी वाचलीच नव्हती. इओसिनोफिल १६ टक्के होते. शौचाच्या तपासणीत जंत आढळले, औषध झाले, काही आठवड्यांनी संख्या ८,४०० वर आली. वराच्या वडिलांनी नवा अहवाल मागितला. मुलीने तो दिला, पण एका अटीवर: त्यांच्या चिरंजीवांनीही आपला अहवाल आणावा. तो आला. लग्न मार्गशीर्षात झाले.