जुन्या रायफलीचा जीर्णोद्धार
(नभोवाणीवरील भाषण)



जुनें देऊळ पडावयास आलें म्हणजे गांवकरी जीर्णोद्धारासाठीं वर्गणी काढतात. हेतु उत्तम असतो. परंतु काम पुरें झाल्यावर कित्येक ठिकाणीं असें दिसतें कीं, कोरीव खांबांवर तैलरंगाचे थर चढले आहेत, शिलालेखावर चुना फांसला गेला आहे, आणि ज्याच्या रक्षणासाठीं खटाटोप केला तेंच नाहींसें झालें आहे. जी गोष्ट देवळाची तीच जुन्या शिकारी रायफलीची. हें मी ऐकीव सांगत नाहीं. माझ्या हातून घडलेल्या चुकीवरून सांगतों.

माझ्या वडिलांची .२७५ बोअरची एक रायफल होती. मौझरच्या यंत्रणेवर विलायतेंत बांधलेली, अक्रोडाच्या दस्त्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीला आळा घातला, आणि ती कपाटांत गेली ती गेलीच. वडिलांच्या पश्चात् परवाना माझ्या नांवें झाला तेव्हां नळीवर तांबूस डाग पडले होते व दस्ता तेलानें काळवंडला होता. मी ती एका परवानाधारक कारागिराकडे दिली आणि सांगितलें, "नव्यासारखी करा." या दोन शब्दांनीं घात केला. त्यानें ती फिरत्या चाकावर घासली. परत आली ती रुखवतांतल्या भांड्यासारखी चकाकत. परंतु बनविणाराचें नांव अर्धवट पुसलें होतें, चांचणीच्या मुद्रा सपाट झाल्या होत्या, आणि क्रमांकाचे शेवटचे दोन आंकडे भिंगांतूनही लागेनात.

आतां १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें हत्यारावरील नांव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसणें हा अपराध आहे. नूतनीकरणाच्या वेळीं अधिकाऱ्यांनीं रायफल उलटीपालटी करून पाहिली व विचारलें, "गुरुजी, परवान्यांतली रायफल ती हीच कशावरून?" जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा मी, त्या दिवशीं मजपाशीं उत्तर नव्हतें. अखेर दुसऱ्या एका वृद्ध कारागिरानें नळी व यंत्रणा दस्त्यापासून सोडविली. लांकडाखालीं झांकलेल्या पोलादावर तोच क्रमांक स्वच्छ उमटलेला होता! जेथें चाक पोंचलें नव्हतें तेवढ्या जागीं वडिलांची रायफल शिल्लक राहिली होती, आणि तिनेंच मला सोडविलें.

या वृद्ध गृहस्थांपासून मीं जें शिकलों तें आज सांगावयाचें आहे. त्यांचा पहिला नियम असा कीं, प्रथम पाहावें, मग हात लावावा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळींतून उजेडाकडे पाहावें. आंतील पीळदार खांचा तीक्ष्ण आहेत कीं झिजल्या आहेत, व तोंडाची कड शाबूत आहे कीं नाहीं, हें त्यांत कळतें. जुन्या काडतुसांच्या टोपींतील रसायन जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड मागें राही. हा मिठाचाच भाऊबंद. तो हवेंतील ओल ओढून घेई व नळी आंतून खाई. हा क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. म्हणून जाणते शिकारी आधीं कढत पाणी ओतीत, नळी कोरडी करीत आणि मग तेल लावीत. नळी फार खाल्ली गेली असेल तर ती रायफल पुन्हां उडविण्याचा मोह सोडावा. जाणत्या कारागिरानें तपासल्यावांचून जुन्या नळींत काडतूस घालणें म्हणजे जिवाशीं खेळ होय.

दुसरा नियम मुद्रांचा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ सालीं सनद मिळाली. बर्मिंगहॅमचें प्रूफ हाऊस १८१३ सालचें. तेथें प्रत्येक नळींतून नेहमींहून जबर बार उडवून पाहत, आणि जी टिके तिच्यावर मुद्रा ठोकीत. ती मुद्रा म्हणजे रायफलीचें प्रमाणपत्र. तिच्यावर कांचकागद चालविणें हें प्रमाणपत्र खरवडण्यासारखेंच आहे.

तिसरा रंगाचा. जुन्या विलायती नळ्यांवरील निळसर काळी झांक हा लेप नसून गंजच असतो! नळी पुसून स्वच्छ करावयाची, तिच्यावर सौम्य अम्लद्रव्य चोळावयाचें व दमट जागीं ठेवावयाची. तांबडा गंज चढला कीं उकळत्या पाण्यांत बुडविली म्हणजे तोच गंज काळा होतो. मग सुटी भुकटी ब्रशानें झाडावयाची आणि पुन्हां पहिल्यापासून. असें अनेकदां केल्यावर रंग येतो. हल्लींची झटपट रीत दाहक क्षाराच्या कढत द्रावणाची आहे. पण जोडनळीच्या बंदुकीला ती घातक, कारण नळ्या जोडणारी कथलाची झाळ त्या द्रावणांत खाल्ली जाते.

दस्त्याचें काम मात्र घरीं शिकण्याजोगें आहे. लांकडांत मुरलेलें तेल ओढून काढण्यास खडूची पूड लागते. म्हणजे येथें आमच्या धंद्याचा उपयोग झाला! दबलेल्या जागीं ओलें फडकें ठेवून वर इस्तरी टेंकविली कीं वाफेनें लांकूड फुगून वर येतें. मग जवसाच्या तेलाचे अगदीं पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर दुसरा. येथें घाई उपयोगाची नाहीं.

राहतां राहिलें रायफल आपल्या मापाची करून घेणें. माझे वडील उंच होते, मी ठेंगणा. चापापासून दस्त्याच्या टोंकापर्यंतचें अंतर सामान्यतः १४ इंचांच्या आसपास असतें. मला तें लांब पडे. दस्ता अर्धा इंच कापावा असें मनांत होतें. वृद्ध कारागीर म्हणाले, "गुरुजी, कापलेलें लांकूड परत येत नाहीं. दुसरा दस्ता करून घ्या. हा जपून ठेवा." दुर्बीण बसविण्यासाठीं पोलादाला भोंकें पाडण्यासही त्यांनीं असाच विरोध केला. जो बदल पुन्हां उलटवितां येईल तोच करावा, हें त्यांचें सूत्र.

त्याचें महत्त्व एका प्रसिद्ध उदाहरणावरून पटेल. १९०७ सालीं जिम कॉर्बेट यांनीं चंपावतची नरभक्षक वाघीण मारली, त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं त्यांना रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. तशा रायफली कंपनीनें पुष्कळ विकल्या. परंतु हिच्या दस्त्यावर त्या प्रसंगाचा उल्लेख असलेला लहानसा रुप्याचा पत्रा आहे. कोणी हौशी मालकानें जुना दस्ता टाकून चकचकीत नवा बसविला असता, तर चारचौघींसारखीच एक रायफल उरली असती. २०१५ सालीं खुद्द रिग्बी कंपनीनेंच ती पुन्हां आपल्याकडे आणली.

माझ्या रायफलीवरील पुसट अक्षरें पुन्हां कोरतां येतील का, असें मीं त्या वृद्ध गृहस्थांना विचारलें होतें. ते म्हणाले, "येतील, पण ती वडिलांची सही तुम्ही केल्यासारखी होईल." मीं तीं तशींच राहूं दिलीं. रायफल आतां पुन्हां काळीसांवळी झाली आहे, कुलुपांत आहे, आणि शिकारीचे दिवस गेले याचें मला दुःख नाहीं. मात्र कोणतीही जुनी वस्तु दुरुस्तीला देतांना मी "नव्यासारखी करा" असें म्हणत नाहीं. "आहे ती टिकवा," एवढेंच सांगतों.