रुग्ण केव्हा येतो



कोकणात पूर्वी लाल विंचवाचा दंश म्हणजे घरावर आलेलं संकट असे. पेंढा उचलताना, जळणाच्या ढिगात हात घालताना, रात्री अंगणात अनवाणी जाताना विंचू चावायचा. मग दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार. काही तासांत छातीत पाणी भरून धाप लागायची आणि बघता बघता धडधाकट मूल हातचं जायचं. सत्तरच्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरून पाहिली. गंभीर अवस्थेत आलेल्या शंभर रुग्णांपैकी पूर्वी चाळीसच्या आसपास दगावत, ते प्रमाण पुढे अगदी खाली आलं. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने त्यांचं काम छापलं.

आम्हा डॉक्टरांत ही हकिकत संशोधनाची म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण तीस वर्षं चिपळूण तालुक्यात फॅमिली डॉक्टर म्हणून काम केल्यावर मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. गोळी सापडली तरी ती पोटात जायला मूल वेळेत दवाखान्यात यावं लागतं. रात्री अकरा वाजता विंचू चावला तर घरची माणसं आधी कोणाचं दार ठोठावतात, मांत्रिकाचं की डॉक्टरांचं? या एका प्रश्नावर त्या मुलाचं जगणं अवलंबून असायचं. आज विंचवाच्या जागी हृदयविकार आहे, मधुमेह आहे, लेप्टोचा ताप आहे. यंत्रं कितीतरी सुधारली. पण रुग्ण केव्हा येतो हे अजूनही विश्वासावरच ठरतं, आणि आमची सगळी यंत्रं तो आल्यानंतरच कामाला लागतात.

येणं सोपं नाही, हेही सांगायला हवं. माझ्याकडची पुष्कळ माणसं सकाळी वस्तीच्या एसटीने येतात. त्यांना दुपारची गाडी गाठायची असते. ती चुकली तर रिक्षा, आणि रिक्षाचं भाडं माझी फी आणि गोळ्या दोन्ही मिळून होतात त्यापेक्षा जास्त. म्हणून माझ्या दवाखान्यात लांबच्या वाडीवरच्या माणसाला नंबर आधी मिळतो. शहरातले रुग्ण कधी कुरकुरतात. पण हा नियम मी बदललेला नाही. सरकारी हिशेबात डोंगराळ भागात ३,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र आणि २०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असं ठरलेलं आहे. कागदावर तो हिशेब बरोबर दिसतो. पण आमच्या वाड्या दोन-दोन डोंगरांवर विखुरलेल्या. पावसाळ्यात पऱ्याला पाणी आलं आणि साकव पाण्याखाली गेला की तीन हजारांतले निम्मे पलीकडे राहतात.

गेल्या काही वर्षांत यात खरा फरक पडला तो १०८ च्या रुग्णवाहिकेने. आपल्या राज्यात ती २०१४ साली सुरू झाली. तिच्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत, हे मी आजही येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ माणसाला सांगते, कारण अजून पुष्कळांना ते ठाऊक नसतं.

एक प्रसंग सांगते. एक शेतकरी, पन्नाशीचे, पहाटे बायकोबरोबर आले. रात्री दहापासून छातीत दुखत होतं. गॅस झालाय म्हणून त्यांनी ओवा खाल्ला, सोडा प्याले, पाठीला तेल चोळून घेतलं. माझ्याकडे ईसीजीचं यंत्र आहे. पट्टी काढली आणि पाहताक्षणी कळलं, हा हार्ट अटॅक आहे. पट्टीचा फोटो हृदयरोगतज्ज्ञांना पाठवला, त्यांचं उत्तर आलं, रुग्णवाहिका बोलावली. हे सगळं झालं अर्ध्या तासाच्या आत. वीस वर्षांपूर्वी मला हे स्वप्नातही शक्य वाटलं नसतं, आणि ज्याने कोणी फोनला कॅमेरा जोडला त्याचे मी आभारच मानते. पण गाडीत बसताना त्यांची बायको मला म्हणाली, “मॅडम, रात्रीच आणणार होते मी. पण हे म्हणाले, उगाच पट्ट्या काढतील आणि मुंबईला धाडतील. घर विकावं लागेल.”

तंत्रज्ञानाने अर्ध्या तासात काम केलं, आणि भीतीने त्याआधी सात-आठ तास खाल्ले. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच नीट उपयोगी पडतं. ते गृहस्थ वाचले. पण हृदयाचा जो भाग त्या रात्री निकामी झाला तो परत आला नाही. आता चढणीवर ते दोनदा थांबतात.

ती भीती अडाणीपणातून आलेली नाही. डॉक्टरने मोठ्या हॉस्पिटलात पाठवायचं आणि बिलातला वाटा घ्यायचा, हा प्रकार आमच्या व्यवसायात आहे. सगळे जण त्याला ‘कट’ म्हणतात. तो रोखण्यासाठी राज्यात २०१७ साली समिती नेमून कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. तो पुढे रेंगाळला याचं मला मनापासून वाईट वाटतं. एखाद्या डॉक्टरने घेतलेला वाटा त्याच्या एकट्याच्या खिशात जातो, पण त्यातून गेलेला विश्वास आम्हा सगळ्यांच्या दवाखान्यातून जातो. म्हणून मी रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठी देते आणि तोंडाने स्पष्ट सांगते, तुम्ही जिथे जाल तिथून मला एक पैसाही येत नाही. साधारण खर्च किती येईल, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या, हेही तिथेच सांगते. यात पाच मिनिटं जातात. त्या पाच मिनिटांनंतर माणूस हॉस्पिटलला जातो. नाहीतर घरी जातो.

आता फोनवरच्या तपासणीबद्दल. करोनाच्या सुरुवातीला, मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले आणि त्यानंतर लगेच ई-संजीवनी या सरकारी सेवेवरून घरबसल्या सल्ला मिळू लागला. आमच्या भागात याचं महत्त्व फार मोठं आहे. इथली अर्धी घरं दोन म्हाताऱ्या माणसांची, मुलं मुंबईला किंवा आखातात. मुलगा डोंबिवलीहून फोन करतो, आईचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, गोळ्या ऑनलाइन मागवतो. अशा मुलांबद्दल मला आदरच आहे. ते जमेल तितकं करतात.

अशाच एका आजींची साखर रिपोर्टमध्ये बरी होती. व्हिडिओ कॉलवर चेहराही टवटवीत दिसत होता. मुलाचं म्हणणं, आई ठीक आहे, त्याच गोळ्या चालू ठेवू ना? मी म्हटलं, लावणी झाली की एकदा पाठव. आजी आल्या. मी त्यांना टेबलावर पाय वर घेऊन बसायला सांगितलं. लावणीच्या चिखलात दिवसभर उभं राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या, त्या आमच्याकडे पावसात सगळ्यांनाच होतात. पण डाव्या टाचेखाली एक काळसर ठिपका होता. बाजूने दाबलं तर पू आला. आत बाभळीचा काटा. “आजी, हे दुखत नव्हतं?” “नाय गो. काटा कधी लागला त्येच समजलं नाय.” मग मी नायलॉनची ती बारीक तार घेतली, दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारी, आणि डोळे मिटायला सांगून तळव्याला दहा ठिकाणी टेकवली. त्यातल्या सहा ठिकाणी आजींना काहीच जाणवलं नाही. मधुमेहाने पायाची संवेदना गेली होती. आणखी पंधरा दिवस गेले असते तर बोट किंवा पाऊल काढायची वेळ आली असती.

रिपोर्ट खोटा नव्हता, कॅमेराही खोटा नव्हता. फक्त पाय कोणी पाहिला नव्हता. म्हणून मधुमेह असलेल्या माणसाचे तळवे वर्षातून एकदा तरी डॉक्टरांनी हाताने तपासावेत आणि रोज रात्री घरच्यांनी उजेडात बघावेत, एवढं मी प्रत्येक मुलाला फोनवर सांगते.

घरच्या यंत्रांचंही तसंच. बीपीचं यंत्र घरी असणं चांगलंच. पण पट्टा दंडाला नीट बसणारा हवा, मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायला हवं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, आणि मोजताना बोलायचं नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनात घरोघरी आला. सावळ्या त्वचेवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे त्याच काळात अमेरिकेतल्या पाहणीतून पुढे आलं. धाप लागलेल्या माणसाला ‘आकडा तर चांगला आहे’ म्हणून घरी ठेवू नका.

आता नोंदींबद्दल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. माझ्या दवाखान्यातली केसपेपरची दोन कपाटं पाण्याखाली गेली. ओला लगदा झालेले ते कागद उपसताना मला रडू आलं, कारण त्यात कोणाला पेनिसिलीन चालत नाही, कोणाच्या पहिल्या बाळंतपणात काय झालं, हे सगळं होतं. तेव्हापासून मी नोंदी संगणकावर ठेवते आणि आरोग्य नोंदींचा आभा क्रमांक काढायला लोकांना मदतही करते. चौदा आकड्यांच्या त्या क्रमांकाला जोडलेली नोंद पुरात वाहून जात नाही. पण पुराच्या त्या आठवड्यात वीज नव्हती, मोबाइलचे मनोरे बंद होते. तेव्हा कोणत्या घरात गरोदर बाई आहे, कोणाला इन्सुलिन लागतं, हे गावागावांतल्या आशा स्वयंसेविकांच्या, आमच्या आशाताईंच्या, डोक्यात होतं. लेप्टोच्या भीतीने डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटल्या तेव्हा लोकांनी त्या का घेतल्या? आशाताईंनी दिल्या म्हणून.

आभाबद्दल एक काळजी मला वाटते. रुग्णाच्या संमतीशिवाय नोंद उघडत नाही, हा नियम उत्तम आहे. पण ती संमती ओटीपीने द्यायची, आणि घरात फोन एकच, तोही मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात. सून एकटी माझ्यासमोर बसून जे सांगते ते सासरच्या फोनवर उमटणार असेल, तर ती सांगणारच नाही. गावात क्षयरोग, मानसिक आजार, एचआयव्ही यांची वाच्यता झाली तर काय होतं हे आपण जाणतो. बाईची संमती बाईच्याच हातात राहील अशी सोय या योजनेत व्हायला हवी, आणि ती आत्ताच व्हायला हवी.

ओळखीच्या डॉक्टरवरचा विश्वास किती उपयोगी पडतो, याचा एक पुरावा सांगते. नॉर्वेमध्ये प्रत्येक नागरिकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो. तिथल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून जास्त काळ जाणाऱ्यांमध्ये, नुकताच डॉक्टर बदललेल्यांच्या तुलनेत, मृत्यूचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळलं. अचानक हॉस्पिटलात दाखल होण्याचं प्रमाणही जवळपास तितकंच कमी. नॉर्वेकडे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त यंत्रं आहेत, तरी तिथेही ओळखीच्या डॉक्टरचा एवढा उपयोग होतो.

तेव्हा श्रोतेहो, एवढं करा. घराजवळचा एक डॉक्टर निवडा आणि त्याच्याकडे टिकून राहा. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक आणि शेजाऱ्यांनी दिलेल्याही. मोबाइलवर काही वाचलं असेल तर लपवू नका, विचारा. डॉक्टर रागावले तर पुन्हा विचारा. गोळ्या परवडत नसतील तर बंद करण्याआधी सांगा, स्वस्त पर्याय बहुतेक वेळा असतो. आणि छातीत दुखून घाम फुटला, बोलताना तोंड वाकडं झालं, हात उचलेना, साप किंवा विंचू चावला, तर मेसेज पाठवून उत्तराची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि निघा. रात्रीचे अकरा वाजले असले तरी.