हिशेबाची वही कोणाच्या हाती?



अध्यक्षाने सर्वांचे आभार मानावेत, मतभेदाच्या विषयाला बगल द्यावी आणि वेळेत खाली बसावे, असा आपल्या सभांचा संकेत आहे. त्यांपैकी शेवटचा तेवढा मी पाळणार आहे, कारण एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या मंडळांना साहाय्य करण्याचा जो प्रस्ताव आज आपल्यापुढे आला आहे, त्यातील साहाय्याची रीत मला मुळीच मान्य नाही.

एक डिसेंबरचा जागतिक एड्स दिन उजाडला की या माणसांची आपल्याला आठवण होते. प्रभातफेरी निघते, लाल फिती टाचल्या जातात, प्रथिनांच्या भुकटीचे पुडे वाटले जातात, आणि देणाऱ्याचा हसरा व घेणाऱ्याचा ओशाळा चेहरा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतो. संमतीवाचून कोणाची बाधा उघड करणे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने निषिद्ध ठरविले आहे आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, ही गोष्ट आमच्या दानशूरांच्या गावीही नसते.

आणि हे घडते कोठे? ज्या मुलखात १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतेच्या शिक्षणाचा पाया घातला, जेथे स्वातंत्र्यलढ्यातील प्रतिसरकारने ब्रिटिश साम्राज्याच्या नाकावर टिच्चून गावोगाव न्यायनिवाडे केले, जेथे ऊस पिकविणारा शेतकरी साखर कारखान्याचा सभासद होऊन वार्षिक सभेत संचालकांना जाब विचारतो, त्या सातारा-सांगलीत! शेतकऱ्याला कारखाना चालविता येतो यावर आपला विश्वास आहे. परंतु जी बाई वर्षानुवर्षे ठरल्या वेळी गोळी घेऊन, मुलांची शाळा आणि परक्याच्या शेतातली खुरपणी सांभाळून उभी आहे, तिला आपल्या मंडळाचा जमाखर्च ठेवता येणार नाही, अशी मात्र आपली पक्की खात्री आहे. (सहकारातील जमाखर्च किती चोख असतात, याची चर्चा या व्यासपीठावर न केलेली बरी.)

अशा बायकांना आपले काम आपण चालविता येईल का, या शंकेचे उत्तर सांगलीने केव्हाच दिलेले आहे. १९९२ मध्ये येथे 'संग्राम' ही संस्था उभी राहिली आणि १९९६ मध्ये धंदा करणाऱ्या स्त्रियांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' स्थापन केली. ज्यांना प्रतिष्ठित समाजाने रोगाचे उगमस्थान ठरविले होते, त्याच स्त्रियांनी वस्तीवस्तीत निरोध पोहोचविण्याचे, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेण्याचे आणि पोलिसांशी चार शब्द बोलण्याचे काम स्वतःच्या शिरावर घेतले. पुढे अमेरिकेच्या २००३ च्या कायद्याने मदतीला अट जोडली, की वेश्याव्यवसायाचा निषेध लिहून द्या, मगच पैसे मिळतील. तेव्हा २००५ मध्ये 'संग्राम'ने तो निधी नाकारला. ज्यांच्या जिवावर काम चालते त्यांचाच धिक्कार लिहून देऊन त्यांची सेवा करणे या संस्थेला जमले नाही. आपल्यातील किती संस्थांनी असे दान परत केले आहे, हे प्रत्येकाने आपापल्या दप्तरात पाहावे. त्याच अमेरिकेच्या सरकारने जानेवारी २०२५ मध्ये एका हुकुमाने परदेशांची मदत गोठविली, तेव्हा दात्याच्या मर्जीवर उभारलेल्या कामाची किंमत साऱ्या जगाला कळली.

सरकारी दवाखान्यातून १ एप्रिल २००४ पासून एचआयव्हीवरची औषधे विनामूल्य मिळू लागली, ही मोठीच गोष्ट झाली. तथापि गोळी शरीराला मिळते, सासरचा उंबरठा ती मिळवून देत नाही. मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत किंवा मालमोटारीवर राबून घरी परतलेल्या नवऱ्याला शेवटपर्यंत जिने सांभाळले, त्याच विधवेला तेराव्यानंतर माहेरची वाट दाखविली जाते आणि सातबारावर तिचे नाव लावण्याची बाब तशीच लोंबत राहते. सामायिक घरात राहण्याचा हक्क २०१७ च्या त्याच कायद्याने तिला दिला आहे; पण तो कायदा माण-खटाव किंवा जत-आटपाडीच्या वाडीवर नेणार कोण? पदरचे भाडे भरून एसटीने जाणारी, गोळ्या सुटलेल्याला पुन्हा एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रात आणणारी, तलाठ्यापुढे त्या विधवेबरोबर उभी राहणारी मंडळातली बाईच ना? तिला आपण 'स्वयंसेविका' म्हणून गौरवितो आणि त्या गौरवाच्या आडोशाने तिचा मेहनताना बुडवितो. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला, तेव्हादेखील दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या दारात महिनाभराहून अधिक काळ ठिय्या देऊन बसले ते बाधित लोकच. तेथे आपली शिष्टमंडळे गेल्याचे मला स्मरत नाही.

सबब, संकेताविरुद्ध असले तरी, प्रस्तावात एक दुरुस्ती मी सुचवितो. त्यात प्रथिनांच्या पुड्यांसाठी वेगळी काढलेली रक्कम कोणतीही अट न घालता मंडळांच्या खात्यात जमा करावी, तिच्या विनियोगाचा निर्णय त्यांनीच करावा, आणि या कामासाठी नेमावयाच्या समितीत त्यांचे बहुमत असावे. हे मान्य नसेल तर प्रस्तावच मागे घ्यावा. आणि छायाचित्रकार महाशयांनी आता कृपया घरी जावे.