अवघड गोष्ट बोलायची कशी?

दिवेलागणीची वेळ आहे. कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणी धार काढून आत्ताच टेकली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

गटात आल्यावर आपण सह्या करायला शिकलो, पासबुक वाचायला शिकलो, व्याज काढायला शिकलो. पण जिचा हप्ता थकलाय, तिला तो मागायचा कसा, हे कुणी शिकवलं नाही. मलाही नाही. मी बी. ए. झाले, गटांची समन्वयक झाले, आणि हे मात्र चुकून शिकले. ती चूकच आज सांगते.

आमच्या एका गटात १२ जणी आहेत. त्यातल्या एका ताईनं शेळ्यांसाठी २० हजारांचं अंतर्गत कर्ज घेतलं. मुद्दल १२ हजारांवर आलं आणि तिथून पुढं तीन हप्ते थकले. त्याच सुमाराला गटाला बँकेकडून पुढचं कर्ज हवं होतं. बँक आधी गटाची परतफेड बघते, हे तुम्हाला माहीत आहे. बायका कुजबुजायला लागल्या, "तिच्या एकटीपायी आपलं अडणार." माझ्यावरही दडपण होतं. बैठकीत मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांदेखत बोलले, "बाकीच्यांना जमतं, मग तुम्हालाच काय होतं?"

ती काही बोलली नाही. पदर सावरला, चपला घातल्या आणि निघून गेली.

एकजण म्हणाली, "बरं झालं, बोललात." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण पुढच्या दोन बैठकांना ती आलीच नाही. हप्ता तर नाहीच आला, वर नळावर भेटली तर मान खाली घालून जायची. माझ्या बोलण्यानं ना पैसा आला, ना माणूस राहिलं.

मग एके दुपारी मी तिच्या घरी गेले. रजिस्टर नेलं नाही. दुपारची वेळ मुद्दाम धरली, कारण तेव्हा घरात दुसरं कुणी नसतं. ती शेंगा फोडत बसली होती. मीही सूप पुढं ओढलं आणि फोडायला लागले. थोड्या वेळानं म्हणाले, "ताई, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले ते चुकलं माझं. माफी मागायला आलेय."

ती गप्पच. माझ्या तोंडावर दहा गोष्टी येत होत्या, त्या मी गिळल्या. एवढंच विचारलं, "काय अडचण झालीय?" आणि थांबले. मैत्रिणींनो, विचारून झाल्यावर थांबणं फार जड जातं. आपण लगेच सल्ला द्यायला जातो.

बऱ्याच वेळानं ती बोलली. दोन शेळ्या पावसाळ्यात मेल्या. जी विकली, तिचे पैसे मालकांनी खताच्या दुकानाची उधारी फेडायला नेले. "गटात सांगितलं असतं तर घरची अब्रू गेली असती, ताई," म्हणाली आणि रडली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ झाकून तीन महिने बसली होती.

मला वाईट वाटलं. पण म्हणून "राहू दे हप्ता" असं म्हणणं माझ्या हातात नव्हतं. पैसा १२ जणींचा. तेही बोलावंच लागलं. मी म्हणाले, "कर्ज माफ नाही होणार. पण किती जमेल ते तुम्ही सांगा, आपण गटापुढं ठेवू."

ती म्हणाली, "महिन्याला ५०० देते." मग आम्ही तिथंच हिशोब केला. आमच्या गटात व्याज शेकडा दीड रुपया. १२ हजारांवर महिन्याला १८० रुपये झाले. म्हणजे ५०० भरले तरी मुद्दलातले ३२०च फिटतात. शिवाय तीन महिन्यांचं थकलेलं व्याज ५४०. हे मी लपवलं नाही. गोड बोलून अर्धवट सांगितलं असतं, तर सहा महिन्यांनी पुन्हा भांडण झालं असतं. ती विचार करून म्हणाली, "आत्ता ५००, आणि सोयाबीन विकलं की थकलेलं व्याज आणि मोठा हप्ता."

पुढच्या बैठकीला ती आली आणि स्वतः बोलली. खताच्या उधारीचं सांगायचं की नाही, ते मी तिच्यावर सोडलं होतं. तिनं फक्त शेळ्यांचं सांगितलं. लगेच एकीनं विचारलं, "उद्या मीही असंच म्हणाले तर?" प्रश्न रास्त होता. कुणी तिच्यावर डाफरलं नाही. बोलून ठराव झाला: अडचण असेल तर हप्त्याच्या तारखेआधी सांगायचं, थकल्यावर नाही. नियम सगळ्यांना सारखा. इतिवृत्तात लिहिलं, सह्या झाल्या.

हे झालं गटाचं. आता घरचं.

बैठकी संपून मला घरी यायला आठ वाजायचे. दारातच सासूबाईंचं सुरू व्हायचं, "आली का साहेबीण?" मीही दमलेली, भुकेली. म्हणायचे, "तुम्ही नेहमीच असं बोलता." त्या म्हणायच्या, "तू कधी ऐकलंस का?" 'नेहमीच' आणि 'कधीच' हे दोन शब्द आले, की आजचं राहतं बाजूला आणि लग्नापासूनचं सगळं बाहेर निघतं. शब्दानं शब्द वाढायचा, आणि आमचे हे ताट घेऊन ओसरीवर जाऊन बसायचे.

एका रात्री जेवणं झाल्यावर, भांडी आवरल्यावर मी त्यांच्याजवळ बसले. विचारलं, "आत्या, मला उशीर होतो तेव्हा तुम्हाला नेमकं काय वाटतं?" म्हणाल्या, "फाट्यापासून अंधार असतो. जीव टांगणीला लागतो." इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांना माझं काम खुपतं. थोडं खुपतही असेल, नाही म्हणत नाही. पण काळजी मला ऐकूच आली नव्हती. आता निघताना मी फोन करते, फाट्यावर हे घ्यायला येतात. आत्या अजूनही कधीकधी कुरकुरतात. मी जेवण होईपर्यंत उत्तर देत नाही.

राग फारच चढला असेल तर म्हणावं, "आत्ता नको, सकाळी बोलू." पण मग सकाळी खरंच बोलावं. नाहीतर तो नुसता अबोला होतो.

आणि एक गोष्ट नीट ऐका. घरात मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर तिथं "मी नीट बोलले असते तर" असं मनाला लावून घेऊ नका. तो दोष तुमच्या बोलण्याचा नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकाऱ्याची मदत मिळते. आणि अशा वेळी गटातल्या मैत्रिणीला आधी सांगा.

तुमच्याही गटात कुणीतरी दोन बैठकांपासून येत नसेल. या आठवड्यात तिच्या घरी जाऊन या. रजिस्टर नेऊ नका. आणि विचारल्यावर जरा थांबा.

येते मी. भाकरी करपली नाही ना? नमस्कार.