आकडा एक, पण कुठल्या घरचा?



पवनाथडी जत्रेत पाच गटांचे पापड एकाच टोपलीत ओतले, तर किती ते मोजता येईल, कुणाचे ते मोजून कळणार नाही. तुकडा जिभेवर ठेवला की मात्र आपला कुठला ते आपण लगेच सांगतो. रक्ताच्या रिपोर्टचंही असंच आहे.

शरीरातली कामं घडवून आणतात ती एन्झाइम, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली विकरं. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात. एकच विकर वेगवेगळ्या अवयवांत जरा वेगळ्या घडणीचं असतं. त्या प्रकारांना आयसोएन्झाइम म्हणतात.

सीपीके घ्या. त्याचा एमएम प्रकार मुख्यतः स्नायूंतला, बीबी मेंदूतला आणि एमबी जास्त करून हृदयातला. चाकणला कंपनीत दिवसभर खोकी उचलली तरी सीपीके वाढतो, कमरेत इंजेक्शन घेतलं तरी वाढू शकतो. म्हणून नुसत्या आकड्याने घाबरायचं नाही.

पण दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. हृदयविकाराच्या झटक्यानंतर एमबी साधारण चार ते सहा तासांनी वाढू लागतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. दुखू लागल्यावर अर्ध्या तासात रक्त दिलं, तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो! तेवढ्या कागदावर घरी परतायचं नाही. आता बहुतेक ठिकाणी ट्रोपोनिन तपासतात. ते विकर नव्हे, हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. तीही तपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते. ईसीजी मात्र पोचल्या पोचल्या काढायला सांगायचा.

आपण बायका काय करतो? धाप लागली, मळमळलं, जबडा नाहीतर पाठ दुखली, दरदरून घाम आला, की पित्त म्हणून ओवा चावतो. शिफ्ट बुडेल, खाडा पडेल, याचीच काळजी. अशा वेळी 108 ला फोन करा, गाडीला पैसे पडत नाहीत.

आता गरोदर सुनांसाठी. शेवटच्या तीन महिन्यांत अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेलं दिसतं आणि घरात ‘लिव्हर बिघडलं’ म्हणून रडारड होते. बहुतेक वेळा ते वारेतून आलेलं असतं. वाढत्या मुलांमध्ये ते हाडांतून येतं. मात्र तळहात-तळपायांना खाज सुटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. तिथे लिव्हरच तपासावं लागतं.